आम्ही नुस्तं बसायलोत

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला वाचनालयाच्या पायरीवर आठ-दहा पोरंपोरी बसलेली असतात. दप्तरं मांडीवर, सायकली भिंतीला टेकवलेल्या. मी कुलूप उघडायला येते तेव्हा ती सरकून वाट करून देतात आणि परत बसतात. "काय करायलात रे?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "काही नाही मॅडम, नुस्तं बसायलोत."

पंधरा वर्षं मी हे उत्तर ऐकतेय. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मला त्याचा राग यायचा. घरी आईबाप रानात राबायलेत आणि ही लेकरं इथं नुस्ती बसलीत, असं वाटायचं. "पायरीवर विनाकारण बसू नये" हा फलक मीच पेंटरकडून रंगवून आणला होता. आता तो आतल्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. तो का काढला, हे कधीतरी नीट सांगायचं होतं.

बालाघाटाच्या डोंगराला लागून असलेलं आमचं गाव तालुक्याचं आहे. जिल्हा बीड, पण तोंड लातूरकडे. बसने दीड तासात लातूर. आमचं वाचनालय १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं, वर्ग 'ब'. मी ग्रंथपाल. सकाळी पेपर वाचायला म्हातारी माणसं, दुपारी स्पर्धा परीक्षेची मुलं आणि संध्याकाळी ही पायरीवरची चौदा-पंधरा वर्षांची. त्यांना ना बालविभागात जागा, ना अभ्यासिकेत. बालविभागातल्या खुर्च्या त्यांना बुटक्या पडतात आणि अभ्यासिकेत अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. गावातही त्यांचं तसंच आहे. लहान म्हणून माफी नाही आणि मोठं म्हणून मान नाही.

नववीतल्या लेकराचा दिवस कसा जातो ते एकदा मी वहीत लिहून काढलं होतं. पहाटे सहाला गणिताची शिकवणी. मग आंघोळ, जेवण, साडेदहाला शाळा. पाचला शाळा सुटते, साडेसहाला विज्ञानाची शिकवणी, साडेआठला घर. मुलगी असेल तर मधल्या वेळेत भाकरी, भांडी, धाकट्याला सांभाळणं. म्हणजे पाच ते साडेसहा हा दीड तास काय तो त्यांचा. आणि त्या दीड तासावरच आम्ही सगळे मोठे डोळा ठेवून असतो. संस्कार वर्ग, अबॅकस, हस्ताक्षर, वक्तृत्व, योगासनं. जो तो म्हणतो, पोरांच्या मोकळ्या वेळेचा सदुपयोग झाला पाहिजे.

यात आईबापांना दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्याच लातुरात त्याच उन्हाळ्यात डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी हजारो मुलं शिकवण्यांमध्ये बसली होती. दोन्ही गोष्टी एकाच कारणाच्या आहेत. ज्या बापाने बोअर आटताना पाहिलीय, त्याला लेकरू मातीवर सोडायचं नसतं. एका घरातलं एक पोर डॉक्टर झालं की त्या घराचं दैवच पालटतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून 'लातूर पॅटर्न' हा शब्द आमच्याकडे देवाच्या नावासारखा घेतला जातो. मीही घेतला.

माझा मुलगा आठवीत असतानाची गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे बाबा हलगी वाजवायचे. लग्न असो, जत्रा असो, त्यांच्याशिवाय पान हलत नसे. हलगी वाजवायच्या आधी ते काटक्यांचा जाळ करून तिचं कातडं शेकायचे. शेकता शेकता बोटाने टिचकी मारून आवाज पाहायचे. आवाज बद्द आला की परत जाळावर. माझं पोर शाळेतून आलं की त्या जाळापाशी जाऊन उकिडवं बसायचं. एक दिवस मला म्हणालं, "आई, मला हलगी शिकायचीय. बाबा शिकवतो म्हणालेत."

मी नाही म्हणाले. अभ्यासाचं कारण सांगितलं, पण खरं कारण ते नव्हतं. हलगी कुणी वाजवायची हे आमच्याकडे जातीने ठरवून ठेवलंय, आणि आपल्या घरातलं पोर ती गळ्यात अडकवून चौकात उभं राहिलं तर लोक काय म्हणतील, हे खरं कारण होतं. मी त्याला कीबोर्ड आणून दिला. तो त्याने आठ दिवस वाजवला. पुढच्या जूनपासून फाउंडेशनचा क्लास लागला आणि विषयच संपला. ते बाबा आता नाहीत. त्यांच्याकडचे हात कुणाकडेच गेले नाहीत.

लेकरांना काय हवं असतं, हे मला तेव्हा विचारायला सुचलं नाही. कारण त्याने सांगितलेलं होतं आणि मी ते ऐकून मोडीत काढलं होतं.

वाचनालयात आम्ही पहिला प्रयोग केला तो दिवाळीच्या सुट्टीतल्या 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिरा'चा. पाच दिवस, रोज तीन व्याख्यानं, शेवटी प्रमाणपत्र. पहिल्या दिवशी हॉल भरला. तिसऱ्या दिवशी बारा जण होते, त्यातली चार कार्यकारिणीच्या सदस्यांची नातवंडं. समारोपाला पाहुणे येणार म्हणून मी पायरीवरच्या पोरांना हाताला धरून आत आणून बसवलं. दोन मुलींना औक्षणाचं ताट दिलं. एकीने विचारलं, "मॅडम, आम्हाला काही बोलायचंय का?" मी म्हटलं, "नाही गं, नुस्तं ताट धरून उभं राहायचं."

पुढे खूप वर्षांनी रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या पुस्तिकेबद्दल वाचलं, तेव्हा मला ती मुलगी आठवली. हार्ट यांनी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडलीय. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, त्यांना सजावटीसारखं मांडणं आणि नावापुरतं पुढे करणं. या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. आमच्याकडच्या किती कार्यक्रमांत लेकरं दुसऱ्या पायरीच्या वर चढतात? लेझीम पाहुण्यांसाठी, स्वागतगीत पाहुण्यांसाठी, उन्हात दोन तास रांगेत उभं राहणं तेही पाहुण्यांसाठी. मुक्तिसंग्राम दिनाला १७ सप्टेंबरच्या सकाळी प्रभातफेरीत चालणाऱ्या पोरांना आपल्याच गावात निजामाविरुद्ध कोण लढलं होतं, हे जाऊन विचारून यायला आपण कधी सांगतो का? सांगितलं तर ती आनंदाने जातील. पण आपल्याला घोषणा हव्या असतात.

शिबिरानंतरच्या पावसाळ्यात मी एक साधी गोष्ट केली. बुटाचं रिकामं खोकं घेतलं, वर चीर पाडली आणि पायरीवर ठेवलं. शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या. 'संध्याकाळी इथं काय असावं? नाव लिहू नका.' एवढंच लिहिलं.

पहिले चार दिवस त्यात चॉकलेटचे कागद आले. मग चिठ्ठ्या यायला लागल्या.

मला वाटलं होतं कॉम्प्युटर मागतील, वायफाय मागतील. वायफाय मागितलं, एकाने नाही, बऱ्याच जणांनी. पण सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या ज्या गोष्टीच्या होत्या ती वाचून मी खुर्चीत बसून राहिले. संडास. आतून कडी लागणारा संडास. मुलींचं अक्षर ओळखू येतं. एकीने लिहिलं होतं, 'शाळेतला घाण आहे, मनून आम्ही दिवसभर पाणी पीत नाहीत. इथं असला तर इथं थांबता येईल.' आमच्या वाचनालयात संडास होता. त्याची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये असायची आणि ती मागायला अभ्यासिकेतल्या पंचवीस पोरांच्या समोरून यावं लागायचं. हे मला पंधरा वर्षांत, नाही, तेव्हा आठ वर्षांत, एकदाही जाणवलं नव्हतं. मी स्वतः बाई असून.

दुसरी गोष्ट होती फोटोंची. 'कुणी फोटो काढू नये.' अशा सात-आठ चिठ्ठ्या. आधी मला उलगडा झाला नाही. मग एका मुलीला आडून विचारलं. ती म्हणाली, कार्यक्रम झाला की सर लोक ग्रुपवर फोटो टाकतात. चुलता बघतो. घरी येऊन म्हणतो, ही कुणाशेजारी उभी होती? पुढच्या वेळेला घरातून पाठवत नाहीत. आपल्याला तो फोटो म्हणजे संस्थेच्या अहवालाचं एक पान वाटतं. तिचं मात्र त्याच्यामुळे बाहेर पडणं बंद होतं.

मग बाकीच्या. 'बक्षीस ठेवू नका, मैत्रिणी बोलत नाहीत.' 'भूक लागते.' 'चित्र काढायला मोठा कागद.' 'आम्हाला काही शिकवू नका प्लीज.' 'मोबाईल काढून घेऊ नका, आम्ही आपोआप ठेवतो.' एकात फक्त 'कॅरम' लिहिलं होतं आणि खाली तीन रेघा ओढल्या होत्या. एकात, 'घरी भांडणं चालू असतात, आठपर्यंत थांबू द्या.'

ही शेवटची चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रीड लार्सन यांनी या वयाच्या मुलांवर बरंच काम केलंय. त्यांनी मुलांजवळ पेजर दिले होते. दिवसभरात केव्हाही तो वाजे आणि त्या क्षणी आपण काय करतोय, मनाला कसं वाटतंय, हे मुलांनी लिहायचं. वर्गात मुलं लक्ष लावून बसलेली असत, पण मन तिथं नसे. मित्रांबरोबर असताना मन असे, पण डोक्याला फारसं काम नसे. मन आणि लक्ष दोन्ही एकाच जागी सापडले ते मुलांनी आपणहून निवडलेल्या गोष्टींत. खेळ, वाद्य, काहीतरी बनवणं. मला यातला 'आपणहून' हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जाळापाशी उकिडवं बसलेलं माझं पोर मला त्या शब्दात दिसतं.

पण पायरीवरच्या बसण्याबद्दलही मला काही म्हणायचंय. तेही वाया जात नाही. मी काउंटरवरून ऐकत असते. कुणाच्या बापाने म्हैस विकली, कुणाची ताई नांदायला जात नाही, सहामाहीत कमी पडल्यावर घरी कसं सांगायचं, अमक्या सरांच्या क्लासला मागच्या बाकावरच्यांना कसं बोलतात. ही लेकरं एकमेकांना धरून असतात. त्यांना ते कुणी शिकवलेलं नाही आणि कुठल्याही शिबिरात ते शिकवता येणार नाही.

आम्ही मागची खोली रिकामी केली. जुन्या पेपरांचे गठ्ठे रद्दीत गेले. एक कॅरम आला, बोरिक पावडरचा डबा आला. संडासाची चावी खिळ्याला आली, खोलीच्या आतल्या बाजूला. माझी एकच अट होती, कुणाला बाहेर काढायचं नाही. बाकी नियम त्यांनी केले. कॅरमच्या पाळीवरून दोन दिवस भांडणं झाली, मी मध्ये पडले नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीवर पेन्सिलने तक्ता उमटला. कोण कितीदा जिंकलं त्याच्या उभ्या रेघा, पाचवी आडवी. खोलीची चावी नववीतल्या एका मुलीकडे दिली. तिने ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. पहिल्या आठवड्यात तिचे वडील वाचनालयात आले. मला वाटलं, आता हिचं येणं बंद. ते म्हणाले, "मॅडम, चावी हरवली तर पैसे आमच्याकडून घ्यावं लागतील का?" मी नाही म्हटलं. ते जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "घरात आम्ही तिच्याकडं कधी चावी दिली नाही."

मुलींचा प्रश्न एका खोलीने सुटत नाही. पोरगा साडेआठला घरी गेला तर 'जेवलास का' म्हणतात, पोरगी सातला गेली तर 'कुठं होतीस' म्हणतात. आमच्याकडे मुलींच्या मोकळेपणाला एक पंचमी होती. नागपंचमीला लिंबाला झोका बांधायचा आणि उंच, अगदी शेंड्याला पाय लागेल इतका उंच घ्यायचा. त्या दिवशी कुणी खाली उतर म्हणत नाही. वर्षातून एक दिवस. बाकीच्या दिवसांचं काय?

शाळेच्या मैदानावर खो-खो खेळायला मुली तयार असतात. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा, दोन खांब आणि चुना. याच्याहून स्वस्त खेळ नाही. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे भारताच्या कर्णधार झाल्या, २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, हे आमच्या पोरींना तोंडपाठ आहे. तरी मैदानावर जायला त्या कचरतात, कारण कठड्यावर बघे बसलेले असतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, या वयात दिवसाला तासभर घाम येईल इतकी हालचाल हवी. जगातली दर दहातली आठ मुलं तेवढी करत नाहीत आणि त्यातही मुली मागे. कारणं शोधायला लांब जायला नको, आमच्या त्या कठड्यापर्यंत आलं तरी पुरे.

आणखी एक. खेळ म्हटलं की आम्हाला लगेच पदक दिसतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीत धावले, आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. जिल्ह्याला त्यांचा अभिमान आहे आणि मलाही. पण पळायला लागलेल्या प्रत्येक पोराला "साबळे व्हायचंय का?" असं विचारलं की ज्याला नुस्तं पळायचंय ते थांबतं. मी असं एक पोर थांबताना पाहिलंय. बेसूर गायची, वाकडं चित्र काढायची, पाचव्या नंबरावर येऊन खूश राहायचीही मुभा असली पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारावर आपल्या देशाने १९९२ साली मान्यतेची मोहोर उमटवली. त्याच्या ३१व्या कलमात विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हटलाय. त्यात कुठंही 'गुणवत्तेनुसार' असं लिहिलेलं नाही.

या खोलीत येणारी एक मुलगी दहावीच्या परीक्षेनंतर यायची थांबली. मे महिन्यात तिचं लग्न झालं. परभणी आणि आमचं बीड, बालविवाहांत राज्यात पुढे असलेले हे जिल्हे. तिला अठरा व्हायला दोन वर्षं होती आणि मला कळलं तेव्हा हळद लागून गेली होती. ती मोठ्या कागदावर चित्रं काढायची. एक अर्धं राहिलेलं आहे, त्यात विहीर आहे आणि विहिरीत आभाळ आहे. मुलींनी ते भिंतीवरून काढू दिलेलं नाही.

मागच्या महिन्यात मुलाला फोनवर विचारलं. तो आता पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. अकरावी-बारावी लातूरला खोली करून काढलेली. म्हटलं, "त्या दोन वर्षांत तुला सगळ्यांत बरं कधी वाटायचं रे?" मला वाटलं, निकालाचं नाव काढील. तो जरा थांबला. म्हणाला, "शनिवारी घरी यायची बस चुकली की. पुढची येईपर्यंतचा तास कुणाचाच नसायचा. स्टँडवर नुस्तं बसायचो."

त्यानंतर आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग त्याने विचारलं, "ते हलगीवाले बाबा कधी गेले, आई?"

सध्या खोलीवर एक संकट आहे. एका शिकवणीवाल्यांनी तीच खोली भाड्याने मागितलीय, आणि वाचनालयाला पैशाची गरज आहे हे खोटं नाही. कार्यकारिणीची बैठक मार्चमध्ये आहे. मी मुलांना सांगितलं, कारण त्यांच्यापासून लपवणं मला बरोबर वाटलं नाही. ती रडली नाहीत की चिडली नाहीत. माझ्याकडून दोन फुलस्केप कागद आणि पट्टी मागून घेतली. 'नम्र विनंती' लिहायचं की 'मागणी' लिहायचं, यावर तास गेला. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, अर्ज तुमचा आहे. त्यांनी 'मागणी' लिहिलं. खाली सह्यांसाठी रेघा आखल्या, एकतीस.

तीस सह्या झाल्यात. एकतिसावी रेघ मोकळी आहे. त्या पोराचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि यंदा तोही गेलाय. घरातला दुसरा माणूस आजारी पडला आणि उचल, म्हणजे कामाआधीचे पैसे, घेतलेली होती, तेव्हा कोयता, म्हणजे तोडणाऱ्या दोघांची जोडी, पुरा करायला पंधरा वर्षांचं पोर नेलं. भिंतीवरच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे सगळ्यांत जास्त रेघा आहेत आणि तो गेल्यापासून त्या ओळीला कुणी हात लावलेला नाही.

मी म्हटलं, त्याची सही नसली तरी चालेल, अर्ज देऊन टाका. गळ्यातली चावी चाचपत ती मुलगी म्हणाली, "तो पाडव्यापर्यंत येतो मॅडम. मीटिंग पाडव्यानंतर घेता येईल का, विचारता का तुम्ही?"

सचिवांना मी विचारलंय. अजून त्यांचं काही आलेलं नाही.